अक्षांश-रेखांश : पुस्तकातले आणि खळ्यातले

(द्वितीय वर्ष कला)

सहावीच्या भूगोलात अक्षांश आणि रेखांश हा पाठ असतो. मी सहावीत असताना तो मला पाठ होता. ‘विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस असलेले कोनीय अंतर म्हणजे अक्षांश’ ही व्याख्या मी न अडखळता म्हणत असे. एका अंशाची साठ मिनिटे आणि एका मिनिटाचे साठ सेकंद, हेही रिकाम्या जागेत अचूक भरले होते. पुढे बारावीत भूगोलाला चांगले गुण पडले आणि कॉलेजात तोच विषय घेतला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे नातेवाइकांत माझ्या भूगोलाचा थोडा बोलबालाही झाला. जगाच्या नकाशावरचे काहीही विचारायचे असले की ‘त्याका विचार’ असे म्हणत. हा लेख लिहिण्याचे कारण त्या बोलबाल्यातच आहे. ते आधी सांगतो, आणि मग धड्याकडे वळतो.

माझा मामा मालवण तालुक्यात सर्जेकोटला असतो आणि मासेमारीच्या बोटीवर जातो. गेल्या दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास मला त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. त्याने आधी सर्जेकोटला दोनदा लावला होता, तो लागला नाही; माझा लागला. तो म्हणाला, “लिवन घे. सोळा बारा, त्र्याहत्तर अठरा. इंजन बंद पडलाहा. नांगर टाकलोहा. त्यांका सांग.” एवढे बोलणे झाले आणि फोन बंद झाला. त्यानंतर तो लागलाच नाही.

मी आकडे वहीवर लिहिले होते. मोबाईलच्या नकाशात ‘१६.१२, ७३.१८’ असे घातले. समुद्रात एक खूण उमटली. तिचे चित्र मामेभावाला पाठवले आणि तासाभरात दोन बोटी निघाल्या. आई देवाजवळ दिवा लावून दाराशी बसली. मला मात्र मनातून थोडा अभिमानच वाटत होता, की माझ्या शिक्षणाचा आज उपयोग झाला.

रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन आला. त्या जागी कोणी नव्हते. दोन्ही बोटी आसपास घिरट्या घालून थकल्या होत्या. त्याच्या शेजारी एक वयस्क तांडेल उभे होते. त्यांनी फोन हातात घेऊन मला एकच गोष्ट विचारली, “मामान नेमक्या काय सांगल्यान? त्याचेच शब्द सांग.” मी शब्द सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, “अरे बाबा, तां पॉइंट बारा न्हय. बारा मिनिटां!”

पहाटे साडेतीनला मामाची बोट सापडली. चौघेही सुखरूप होते. मला कोणी एक शब्द बोलले नाही, आणि तेच अधिक लागले.

आता चूक काय झाली ते पाहू, कारण हा धडा तिथूनच सुरू होतो. बोटीवरच्या यंत्रात स्थान अंश आणि मिनिटे असे दाखवले होते : १६ अंश १२ मिनिटे उत्तर, ७३ अंश १८ मिनिटे पूर्व. मी ते दशांश अपूर्णांक समजलो. परंतु अंशाचे भाग साठ असतात, शंभर नव्हेत. १६.१२ अंश म्हणजे १६ अंश आणि त्यावर ०.१२ गुणिले ६०, म्हणजे फक्त ७.२ मिनिटे. तसेच ७३.१८ म्हणजे ७३ अंश १०.८ मिनिटे. मामाचे स्थान मोबाईलच्या भाषेत १६.२०, ७३.३० असे लिहायला हवे होते. उत्तर-दक्षिण ४.८ मिनिटांची चूक आणि पूर्व-पश्चिम ७.२ मिनिटांची. ऐकायला किरकोळ वाटते. पण अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक नाविक मैल, १.८५२ किलोमीटर. हिशेब केला तर मी त्या दोन बोटींना मामापासून पंधरा किलोमीटरहून दूर, आणखी खोल समुद्रात पाठवले होते. ‘एका अंशाची मिनिटे किती?’ या प्रश्नाला मी सहावीत उत्तर लिहिले होते; त्याचा अर्थ मला त्या रात्री साडेअकरा वाजता कळला.

योगायोगाने माझी धाकटी बहीण या वर्षी सहावीत आहे. नोव्हेंबरात तिची घटक चाचणी होती आणि ती तीच व्याख्या त्याच सुरात पाठ करीत होती. मला ते ऐकवेना. मी पुस्तक मिटले. पुढचे चार-पाच महिने आम्ही दोघांनी जे केले, त्यातले काही इथे देतो. आमच्या प्राध्यापकांना यात नवे काही सापडणार नाही. पण आपल्यापैकी पुष्कळ जण पुढे शिक्षक होणार आहेत, कित्येक जण आजही शेजारच्या मुलांचा अभ्यास घेतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पहिली अडचण शब्दांची. अक्षवृत्त आणि अक्षांश हे दोन वेगळे शब्द आहेत. वृत्त ही पृथ्वीभोवती कल्पिलेली रेषा आणि अंश हे तिचे मोजमाप. मुले दोहोंची सरमिसळ करतात. त्याहून मोठा घोटाळा असा : अक्षवृत्ते नकाशावर आडवी दिसतात, पण ती सांगतात उत्तर-दक्षिण अंतर. रेखावृत्ते उभी दिसतात, आणि ती सांगतात पूर्व-पश्चिम अंतर. बहिणीने हा प्रश्न मला सरळ विचारला, “आडवी रेघ उभां कसां सांगतां?” मला जिन्याची पायरी आठवली. पायरी आडवी असते, पण आपण किती वर चढलो हे पायऱ्या मोजूनच कळते. तिला ते पटले.

शाळेत पृथ्वीगोल एकच, तोही कपाटात. आम्ही सोललेला नारळ घेतला. कोकणातल्या मुलाला याहून चांगला पृथ्वीगोल मिळणार नाही. नारळाच्या कवटीवर तीन शिरा असतात. त्या डोळ्यांच्या बाजूने निघून दुसऱ्या टोकाला जाऊन मिळतात. ती झाली रेखावृत्ते. आई नारळ फोडते तेव्हा कोयता मधोमध आडवा मारते, आणि दोन सारख्या वाट्या होतात. तो चिरेचा गोल म्हणजे विषुववृत्त. त्याला समांतर वर-खाली कोळशाने आणखी वर्तुळे काढली, ती अक्षवृत्ते. टोकाकडे जावे तसतशी ही वर्तुळे लहान होतात. आणि दोन शिरांमधले अंतर मधोमध सर्वात जास्त असून टोकाला शून्य होते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट आपोआप कळते. अक्षांशाचा एक अंश कुठेही गेलात तरी साधारण १११ किलोमीटरच भरतो. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर १११, आमच्याकडे सुमारे १०७ आणि ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा होतो. पुस्तकात हे एका वाक्यात आहे. नारळावर बोट फिरवल्यावर वाक्याची गरज राहत नाही.

दुसरी अडचण ‘मिनिट’ या शब्दाची. घड्याळाचे मिनिट वेगळे, कोनाचे मिनिट वेगळे. सहावीच्या मुलाला हे कळणे फार अवघड जाते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत यासाठी निराळे शब्द आहेत : अंश, कला, विकला. साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश. पंचांगात आजही ग्रहांची स्थाने याच शब्दांत छापतात. आम्ही सारे कला शाखेचे विद्यार्थी. पण कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, हे मला दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत ठाऊक नव्हते! मुलांना शिकवताना सुरुवातीला ‘कला’ हाच शब्द वापरावा असे माझे मत झाले आहे. १६ अंश १२ कला असे म्हटले की कोणी ते १६.१२ लिहिणार नाही. नंतर कलेला मिनिट म्हणतात हे सांगता येते. पुढे मीही या लेखात कोनासाठी कला आणि घड्याळासाठी मिनिट असेच लिहितो.

आता मुख्य भाग. अक्षांश आणि रेखांश हे नकाशावर आधीच छापलेले असतात, म्हणून मुलांना वाटते की ते कोणीतरी ठरवून दिलेले आहेत, पिनकोडसारखे. रेखांशाच्या बाबतीत हे थोडेफार खरे आहे. अक्षांशाच्या बाबतीत मुळीच नाही. अक्षांश आकाशात आहे. तो कोणाही माणसाला आपल्या खळ्यात उभे राहून मोजता येतो.

रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून जितक्या अंशांवर दिसतो, जवळजवळ तितकाच त्या जागेचा अक्षांश. हात ताठ पुढे धरून मूठ आवळली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. नांदगावातून ध्रुवतारा दीड मुठीच्या किंचित वर असतो. अरबी समुद्रातून ये-जा करणारे जुने नाखवे ‘कमाल’ नावाची गाठी मारलेल्या दोरीची लाकडी पट्टी वापरून हेच करीत. आमच्या उत्तरेला झाडे दाट आहेत आणि हिवाळ्यातले धुके क्षितिजाजवळ फार. तेव्हा ताऱ्याचा नाद सोडून आम्ही सूर्याकडे वळलो.

सूर्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. सपाट जागी बारा अंगुळे उंचीचा शंकू उभा करायचा. ज्या दिवशी दिवस-रात्र समान असतात, त्या दिवशी मध्यान्ही त्याची सावली मोजायची. ती जितकी अंगुळे भरेल, ती त्या गावाची पलभा. जुन्या पंचांगांत गावांच्या नावापुढे पलभा दिलेली असे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे आपल्या कोकणातलेच, दापोलीजवळच्या मुरूडचे; आणि पेशाने शिक्षक. यामागचे कारण सोपे आहे. विषुवदिनी सूर्य बरोबर विषुववृत्तावर असतो. तिथे उभ्या काठीची मध्यान्ही सावलीच पडत नाही. आपण उत्तरेला जितके अंश सरकू, तितके अंश सूर्य डोक्यावरून दक्षिणेला कलतो आणि सावली लांबत जाते. हे पाहण्यासाठी आम्ही नारळावर कणकेने दोन आगकाड्या चिकटवल्या, एक मधल्या चिरेवर आणि एक थोडी वर, आणि नारळ उन्हात धरला. एकीला सावली नव्हती, दुसरीला होती.

२० मार्चला आम्ही खळ्यात १२० सेंटिमीटरची काठी रोवली. बारा अंगुळांऐवजी बारा दहांडे, म्हणजे हिशेब सोपा. बाराला पाच मिनिटे कमी असताना बहीण पट्टी घेऊन बसली. बारा वाजले, पण सावली लहानच होत राहिली. साडेबारा झाले, तरी थांबेना. बहीण म्हणाली, “मगे आपल्याकडे बारा वाजता बारा वाजतत नाय?” प्रश्न उत्तम होता. त्याचे उत्तर रेखांशात आहे, ते पुढे देतो. सर्वात लहान सावली आम्हांला पाऊण वाजता सापडलीशी वाटली : ३६ सेंटिमीटर. कोष्टक पाहून कोन काढला, तो १६ अंश ४२ कला आला. म्हणजे राजापूरच्या जवळपासचा अक्षांश. वेळेवरून रेखांश काढला तो ७३ अंश ७ कला. दोन्ही नकाशावर मांडले, तर आमचे घर भर समुद्रात गेले. बहीण पोट धरून हसली. मला हसू आले नाही. समुद्रात चुकीच्या जागी खूण पाडण्याची माझी ही दुसरी वेळ होती.

संध्याकाळी वडील कामावरून आले. ते गवंडी आहेत, चिऱ्याचे बांधकाम करतात. चौथीच्या पुढे त्यांची शाळा झाली नाही. त्यांनी काठीकडे एकवार पाहिले आणि विचारले, “ओळंबो लावलंस काय?” मी नव्हता लावला. मग म्हणाले, “आणि खळां उताराचां आसा. पाणी जावक केललां. तुका सपाट दिसलां?” दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्यांनी स्वतः एक रुंद फळी पाणसळीने समपातळीत बसवली, तिच्यावर काठी उभी केली आणि चारही बाजूंनी ओळंबा धरून पाचर मारली. काठीचे टोक उत्तरेकडे एक सेंटिमीटर जरी कलले, तरी सावली तेवढीच वाढते आणि गाव पन्नासएक किलोमीटर सरकते. हे गणित मी त्यांना नंतर सांगितले. त्यांना त्याचे नवल वाटले नाही. भिंतीचेही तसेच असते म्हणाले.

मध्यान्हाची वेळ काढण्याचीही एक रीत आहे. मध्यान्हाच्या सुमारास सावली इतकी सावकाश बदलते की सर्वात लहान क्षण डोळ्याला पकडता येत नाही. त्यासाठी काठीभोवती दोरीने एक वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक बाहेरून आत येताना वर्तुळाला शिवते, दुपारी आतून बाहेर जाताना पुन्हा शिवते. दोन्ही वेळांच्या बरोबर मध्ये मध्यान्ह. आम्ही ५० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले. सावली ११ वाजून ३७ मिनिटांनी आत आली आणि १ वाजून ४७ मिनिटांनी बाहेर गेली. मध्य निघाला १२ वाजून ४२ मिनिटे. त्या वेळी सावली ३४.५ सेंटिमीटर होती. याचा कोन १६ अंश २ कला. मात्र हा २१ मार्चचा दिवस होता. विषुवदिनाच्या आसपास सूर्य दिवसाला सुमारे २४ कला उत्तरेकडे सरकतो. तेवढे मिळवायला हवेत. कालचाच हिशेब आज चालत नाही. उत्तर आले १६ अंश २५ ते २६ कला. नांदगावचा अक्षांश नकाशात १६ अंश २० कलांच्या किंचित वर आहे. एक काठी, एक फळी आणि एक ओळंबा घेऊन आम्ही आमचे गाव काही किलोमीटरांच्या आत शोधून काढले. सहावीच्या मुलांना कोष्टक नको. कागदावर १२ सेंटिमीटरची उभी आणि साडेतीन सेंटिमीटरची आडवी रेघ काढावी, टोके जोडावी आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने वरचा कोन मोजावा. सोळाच्या आसपास येतो.

आता बहिणीचा प्रश्न : आपल्याकडे बारा वाजता बारा का वाजत नाहीत? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व या रेखावृत्तावरची, मिर्झापूरजवळून जाणारी. सूर्य तिथल्या डोक्यावर आला की सगळ्या देशात बारा वाजले असे आपण मानतो. आमच्याकडे यायला त्याला आणखी पस्तीसएक मिनिटे लागतात. शिवाय वर्षभर सूर्य घड्याळाशी नेमका जुळून चालत नाही. कधी पुढे असतो, कधी मागे. मार्चच्या त्या आठवड्यात तो सुमारे सात मिनिटे मागे असतो. तेव्हा १२.४२ मधून ७ मिनिटे वजा केली, राहिली ३५. भागिले ४, म्हणजे पावणेनऊ अंश. ८२ अंश ३० कलांतून ते वजा केले : ७३ अंश ४५ कला. खरा रेखांश ७३ अंश ४० कलांच्या आसपास आहे. घर समुद्रातून जमिनीवर आले.

ही प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली, पण मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जपली होती. ती ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. जुनी माणसे ‘मुंबई टाइम’ म्हणत तो हाच. हा आकडा मनाने ठरवलेला नव्हता, तो मुंबईचा रेखांशच होता.

यातच रेखांशाची खरी गोम आहे. अक्षांशाला निसर्गाने शून्य दिले आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तिला दोन ध्रुव आहेत आणि त्यांच्या मधोमध विषुववृत्त. रेखांशाला असे शून्य नाही. नारळाची कोणतीही शीर पहिली मानता येते. आपल्याकडे सिद्धान्तग्रंथांत ती उज्जयिनीवरून जात असे. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला, त्यातही मध्यरेषा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशीच आहे. त्या मापाने नांदगाव शून्याच्या दोन अंश पश्चिमेला पडेल. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिच ठरले, कारण जगातली बहुतेक जहाजे तोपर्यंत इंग्रजी नकाशे वापरू लागली होती. फ्रान्सने तरीही १९११ पर्यंत आपले पॅरिस सोडले नाही. बहिणीने विचारले, “मगे नांदगावसून मोजला तर?” मोजता येईल, असे मी सांगितले. फक्त इतरांनी ऐकले पाहिजे.

दुसरी गोम घड्याळाची. आपल्या जागची वेळ सूर्य सांगतो. पण त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी किती वाजले हे कळल्याशिवाय रेखांश निघत नाही. आमच्या खिशात मोबाईल होता म्हणून जमले. वेळेत एका मिनिटाची चूक झाली तर आमच्या अक्षांशावर जागा जवळजवळ २७ किलोमीटर चुकते. मागच्या शतकांतल्या खलाशांना अक्षांश कळे, रेखांश कळत नसे. आपण किनाऱ्यापासून किती दूर आहोत हे अंधारात अंदाजाने ठरवावे लागे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७१४ साली यासाठी वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केले. मोठमोठे ज्योतिर्विद चंद्रताऱ्यांत उत्तर शोधत होते. उत्तर दिले जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराच्या मुलाने, जो स्वतःही सुतारकाम करून घड्याळे बनवू लागला होता. त्याचे चौथे घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकापर्यंतच्या प्रवासात अवघे पाचएक सेकंद चुकले. हॅरिसनची गोष्ट मी वडिलांना सांगितली. त्यांनी ती जेवताना पुन्हा एकदा सांगायला लावली.

मामाच्या बोटीवरचे यंत्रसुद्धा मुळात घड्याळाचेच काम आहे. उपग्रहांवर अणुघड्याळे असतात, त्यांचे संदेश किती वेळात पोहोचले यावरून यंत्र स्थान काढते. ओळंबा नको, ऊन नको. फक्त पडद्यावर आलेले आकडे कोणत्या पद्धतीचे आहेत हे माणसाला कळले पाहिजे. समुद्रावरची यंत्रे बहुधा अंश आणि कला दाखवतात, मोबाईल दशांशात. तिसरी पद्धत अंश-कला-विकलांची. आपण प्रात्यक्षिकाला भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे वापरतो. त्या नकाशांचा एक पत्रा १५ कला लांब आणि १५ कला रुंद असतो. मामाच्या त्या रात्री मी त्याला जेवढे दूर टाकले होते, ते एका पत्र्याच्या निम्म्याहून अधिक होते. त्या नकाशांसाठी देशाची मोजणी विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासला सुरू केली आणि हे काम करता करताच तो १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याच्याविषयी पुढे कधी सविस्तर लिहीन.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, पाच-सहा तारखेच्या सुमारास, सूर्य नेमका आमच्या डोक्यावर येतो आणि काठीची मध्यान्हीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याअखेर पुन्हा तसेच होते, पण तेव्हा पावसात सूर्य दिसला तर! त्या दोन दिवशी सूर्याचा अंश आणि गावाचा अक्षांश एकच असतो. बहिणीने वर्गातल्या चार मुलींना मे महिन्यात खळ्यात बोलावले आहे. वडिलांनी फळी जागेवरून हलवू दिलेली नाही. आई त्यावरून रोज बोलते, कारण कुळीथ वाळत घालायला जागा उरत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला मामा आमच्याकडे आला होता. त्याच्याजवळ एक जाड वही असते. कुठे खडक आहे, कुठे जाळे अडकते, कुठे मासा लागला, त्या जागांचे आकडे त्यात आहेत. तीसएक पाने भरली आहेत. सगळे आकडे नुसते सुटे : १६ ०४ ५, ७३ २२ १. मी त्याला ‘कला’ हा शब्द सांगितला. तो हसला. तांडेल काय म्हणतील म्हणाला. पण वही त्याने बहिणीपुढे ठेवली. तिने लाल पेनाने प्रत्येक ओळीत अंशाची चिन्हे आणि कलेच्या तिरप्या रेघा घातल्या, आणि शेवटी उ. आणि पू. अशी अक्षरे लिहिली. एक ओळ तिला लागेना, कलेच्या जागी ६७ होते. तिने विचारले, “मामा, साठाच्या वर कशे जातीत?” मामाने वही जवळ घेतली, बराच वेळ पाहिले आणि ती ओळ खोडून टाकली.